ते बारसं झालंच नाही

नागपूर, २२ डिसेंबर

चि. सुशील,

आशीर्वाद तर द्यावाच लागते, वयानं मोठी आहे ना. बाकी या पत्रात गोड काही नाही.

पत्र काहून लिहून राहिली, तर तुनं माझा नंबर ब्लॉक केला. तुझ्या बायकोच्या फोनवर लावला तर कौशल्या "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही ताई" म्हणते अन् ठेवून देते. माझा आवाज रेकॉर्ड करून पाठवला असता, पण तुम्ही दोघं मिळून म्हणाल, हा तर मशीननं बनवलेला. माझं अक्षर तरी तू ओळखते. शाळेत तुझा गृहपाठ मीच लिहून द्यायची, म्हणजे ते थोडंफार तुझंच अक्षर आहे.

आता सरळ विचारते. काल संध्याकाळी चंपतभाऊंच्या लाइव्हवर त्यांच्या बाजूले जो माणूस बसला होता, निळं जॅकेट, कपाळावर टिळा, तो तू होता का? की तो बी एआयनं बनवला होता? कारण तो माणूस सगळ्या प्रभागासमोर म्हणाला, "माझ्या घरी असा कोणताही कार्यक्रम झाला नाही. चंपतभाऊ माझ्या घरी जेवायले आलेच नाहीत. व्हिडिओ पूर्ण बनावट आहे."

कोणताही कार्यक्रम झाला नाही!

अरे बाप्पा, मग मी त्या रविवारी सकाळपासून तुझ्या गच्चीवर काय करून राहिली होती? मिनलच्या लेकीचं बारसं नव्हतं ते? तुझ्या स्वतःच्या नातीचं? पाळण्याले झेंडूच्या माळा मी बांधल्या. पोरीच्या आत्यानं तिच्या कानात 'ईश्वरी' म्हटलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या तू वाजवल्या. पाटोडीचा रस्सा तिखट झाला म्हणून तू मले चारचौघांत बोलला बी. तिखट रस्सा झाला, अन् बारसं झालं नाही?

चंपतभाऊ पंगतीले आले तेव्हा तुझी छाती एवढी फुगली होती की शर्टाचं बटण तुटते की काय वाटलं. महापालिकेचा उमेदवार आपल्या गच्चीवर जेवते, केवढी गोष्ट! मी कढी वाढून राहिली होती. कोणीतरी विचारलं, "भाऊ, नाल्यापलीकडच्या वस्तीचं काय करता?" अन् ते बोटं चाटत बोलले. शब्द न् शब्द तुले माहीत आहे, तरी लिहिते. "त्या लोकायले पाण्याची लाइन कायले पायजे? मतं तर देत नाहीत. निवडून आलो का पहिले तेच काम थांबवतो. दोन उन्हाळे टँकरमागं पळाले का आपोआप सरळ होतील."

लोक हसले. तू बी हसला. मी तिथंच कढीचं भांडं घेऊन उभी. चंपतभाऊंले माहीत नव्हतं, का ही वाढणारी बाई नाल्यापलीकडचीच आहे. तुले माहीत होतं.

माझी पोरगी अपेक्षा तेव्हा मिनलच्या मांडीवरच्या बाळाचा व्हिडिओ काढून राहिली होती. मागं पंगत, पंगतीत चंपतभाऊ, त्यांच्यामागं पुऱ्यांची टोपली घेऊन तू. घरी येऊन बाळ पाहावं म्हणून लावला, तर बाळापेक्षा चंपतभाऊच जास्त ऐकू आले. तो मी वस्तीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. अपेक्षानं नाही, मी. ज्यांचं पाणी अडणार आहे त्यांले आधी कळायले नको? तिथून तो साऱ्या पूर्व नागपुरात फिरला, त्याले मी काय करू.

तू चंपतभाऊंच्या विरोधात काही बोलू नको. फक्त एवढं म्हण, बारसं झालं, ते आले होते. पुढचं लोक आपल्या कानानं ऐकतील.

तुझी ताई,
गोपिका


नागपूर, २८ डिसेंबर

सुशील,

उत्तर आलं नाही, कौशल्या आली. पिशवीभर संत्री घेऊन आली. संत्र्यांचे दिवस आहेत, त्यात नवल नाही, पण तिनं सोलून फोड माझ्या हातात दिली तेव्हाच मी समजली, आता काहीतरी गिळायले लावते.

"ताई, हे म्हणतात, व्हिडिओ डिलीट करा. अन् ग्रुपवर लिहून द्या का मले कोणीतरी पाठवला होता, मी न पाहता पुढं ढकलला. बस. विषय संपला."

"कौशल्या, तू त्या दिवशी कुठं होती वं?"

"मी तर किचनमधे होती."

"काय करून राहिली होती?"

"पुऱ्या."

"कोणासाठी?"

ती संत्र्याच्या शिरा काढत बसली. मग म्हणाली, "मले यातलं काही समजत नाही ताई. आजकाल काहीही बनवता येते म्हणतात."

"येते ना. पण तुझा गॅस ऐन वेळी संपला अन् शेजारून सिलेंडर आणला, तो बी मशीननं आणला का?"

ती रडायले लागली. तिच्यावर चिडता बी येईना. तिले पुढं करून तू दुकानात बसला, राग त्याचा आहे. लकडगंजात तुझ्या दुकानाभोवती एवढे लाकडाचे ढीग आहेत, एखाद्यामागं लपायचं होतं, बायकोमागं काहून?

आता इथली मजा ऐक. शेजारची प्रेमिला, जी पहिल्या दिवशी चंपतभाऊंच्या नावानं कडाकडा बोटं मोडून राहिली होती, ती परवा फोन घेऊन आली. "गोपिकाताई, राग नका मानू. पण तुमच्या व्हिडिओत त्यांच्या हाताले सहा बोटं आहेत म्हणे." कोणीतरी व्हिडिओ मधेच थांबवून, हाताभोवती लाल गोल काढून फिरवलं होतं. 'एआय असं ओळखा!' मी चष्मा लावून पाहिलं. ती सांडगी मिरची आहे गा! तळलेली सांडगी मिरची! तूच वाढली होती. प्रेमिलेले सांगितलं तर म्हणते, "असंन बाई. पण मग तुम्ही माफी काहून मागितली?"

"मी? कधी?"

तिनं दुसरा व्हिडिओ लावला. त्यात मी आहे. बारशातली माझी हिरवी साडी, माझं तोंड, माझा चष्मा. हात जोडून ती बाई म्हणते, "नमस्कार, मी गोपिका. मला विरोधी पक्षाच्या लोकांनी हा व्हिडिओ दिला होता. माझी दिशाभूल झाली. मी चंपतभाऊंची मनःपूर्वक क्षमा मागते."

मला! मनःपूर्वक! मी जन्मात कधी 'मला' म्हटलं का रे? एखाद्या टीव्हीच्या बातम्या देणाऱ्या पोरीसारखी बोलते ती. माझ्यापेक्षा दिसते बी चांगली, दात सरळ केले माझे. तुझ्या भाऊजींले दाखवलं तर ते पूर्ण पाहून म्हणाले, "तू कधी गेली होती हे बोलायले?" उभा जन्म संसार केला या माणसानं माझ्यासोबत! मी रात्री त्यांच्यासमोर ताट आपटलं, तेव्हा कुठं त्यांले पटलं का आपली बायको हीच आहे.

वस्तीतल्या बायका येऊन समजावतात, "बरं केलं माफी मागितली, झंझट मिटली." मी म्हणते, मी मागितली नाही. त्या म्हणतात, "मग ते कोण होतं?" आता या प्रश्नाले काय उत्तर आहे, तू सांग. मी काढलेलं खरं ते खोटं झालं, अन् मी कधी न बोललेलं ते माझं झालं.

हिरव्या साडीतले माझे फोटो अपेक्षाकडं नव्हते. ती बाळाच्याच मागं होती. पंगतीचे फोटो तू काढून राहिला होता. मी काही विचारून नाही राहिली. नुसतं लिहून राहिली.

गोपिका


नागपूर, ५ जानेवारी

सुशील,

आज दिवसभर पोलीस ठाण्यात होती. नोटीस आली. माझ्या नावानं नाही, अपेक्षाच्या नावानं, कारण माझ्या फोनमधलं सिम तिच्या आधारवर घेतलं होतं. बनावट व्हिडिओ पसरवून शांतता भंग केल्याची तक्रार आहे. तक्रार कोणाची, हे तुले सांगायले नको.

शांतता भंग कशी झाली ते बी ऐक. मधल्या काळात दुसऱ्या पक्षाचा एक माणूस माझ्या पिको-फॉलच्या दुकानात आला. लॅपटॉप उघडून माझ्या शिलाई मशीनवर ठेवला.

"काकू, तुमचा व्हिडिओ चांगला आहे. पण आवाज कमजोर आहे, आम्ही साफ करून देतो. अन् एक-दोन वाक्यं टाकतो, धर्माबिर्मावर. नुसत्या पाण्यावर लोक पेटत नाहीत."

मी म्हटलं, "धर्मावर ते काही बोललेच नाहीत."

"मनात तर असंनच ना."

"मनातलं तुम्हाले ऐकू येते का?"

"काकू, निवडणूक आहे ही. खरं आहे तेवढंच दाखवलं तर डिपॉझिट जाते."

मी त्याले नीट चपला बी घालू दिल्या नाहीत. पण माझा व्हिडिओ तर साऱ्या गावाकडं होता, त्याले माझी परवानगी कायले लागते? दोन-तीन दिवसांत त्यांचा नवा निघाला. तीच गच्ची, तेच बाळ, तेच चंपतभाऊ, पण आता ते असं काही बोलतात का ते मी कागदावर लिहू शकत नाही. त्याच संध्याकाळी चौकातल्या एका किराणावाल्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या. त्या बिचाऱ्यानं ना कोणाचा व्हिडिओ पाहिला होता ना पाठवला होता.

मग चंपतभाऊंनी कुठून तरी एक तज्ज्ञ आणला अन् लाइव्हवर दाखवून दिलं का हा व्हिडिओ खोटा आहे. होताच तो खोटा! ओठ एकीकडं अन् शब्द एकीकडं. त्याच्याच शेपटाले माझा बांधला अन् दोन्ही संगच बुडवले. आता कोणी फरक करत नाही. 'तो बारशाचा एआय व्हिडिओ', असं नाव पडलं त्याचं.

ठाण्यातले साहेब तसे भले वाटले. चहा बी सांगितला. पण बोलणं असं.

"मॅडम, हा खरा आहे हे तुम्ही सिद्ध कसं करता?"

"साहेब, मी तिथं उभी होती."

"तुम्ही तर म्हणणारच. तुमच्या पोरीवर तक्रार आहे."

"मग खोटा आहे हे त्यांनी सिद्ध करावं."

"ज्याच्यावर व्हिडिओ काढला तो पोरीचा फोन तपासणीले पाठवतो. अहवाल येईल."

"मतदानाच्या आधी?"

ते हसले. वाईट नाही हसले, थकल्यासारखे हसले. मग म्हणाले, "तिथं हजर असलेला कोणी जबाब देईल का? घरमालकच म्हणते कार्यक्रम झाला नाही, तर मी काय करू? गुन्हा दाखल झाला तर पोरीची चारित्र्य पडताळणी अडते, हे बी सांगून ठेवतो."

अपेक्षा पोलीस भरतीची तयारी करून राहिली आहे, हे तू विसरला का? उजाडायच्या आधी मैदानावर पळते. गोळा फेकून फेकून खांदा सुजला होता तर तूच मलम आणून दिलं होतं. ती पोट्टी आज ठाण्याच्या बाकावर आरोपी बसतात तिथं बसली होती. आत-बाहेर करणाऱ्या लेडीज पोलिसांकडं पाहत होती. मले वाटलं होतं रडेल. ती रडली असती तर बरं झालं असतं.

तिथून मी बारशाले आलेल्यांच्या घरी फिरली. तुझे व्याही म्हणाले, त्या वेळी आम्ही हात धुवायले गेलो होतो. समोरचे काका म्हणाले, मी हात धुवायले गेलो होतो. आचारी म्हणाला, "ताई, भाऊंकडच्या लग्नाच्या ऑर्डरी माझ्याकडं असतात, मले काहून मधात घेता?" तो एकटाच खरं बोलला. बाकी साऱ्या पंगतीले एकाच वेळी हात धुवायची गरज पडली होती. एवढी स्वच्छ माणसं मी नागपुरात कधी पाहिली नाहीत.

तुझ्या दुकानाकडं बी आली होती. तुझा नोकर म्हणाला, शेठ उमरेडले गेले. तुझी गाडी समोर उभी होती. मी तिच्या सीटवर थोडा वेळ बसून राहिली, मग आली.

गोपिका


नागपूर, १२ जानेवारी

सुशील,

काल मिनल आली होती, बाळाले घेऊन. ईश्वरी आता टुकूटुकू पाहते. नाक तुझ्यावर गेलं, बिचारीचं नशीब.

मले वाटलं, तूच पाठवलं. पण ती चोरून आली होती. चहा बी घेतला नाही. म्हणाली, "आत्या, तो व्हिडिओ ठाण्यात जमा आहे म्हणे. परत मिळते का?"

"तुले कायले पायजे?"

"बाबांनी सगळ्यांच्या फोनमधले फोटो डिलीट करायले लावले. माझ्या, आईच्या, सासूबाईंच्या. ईश्वरीच्या बारशाचं माझ्याकडं आता काहीच नाही. गावात फिरतात त्यांतला खरा कोणता, कळत नाही. खात्रीचा तेवढा एकच राहिला."

मी काय सांगणार? मिनल, तुझ्या पोरीच्या बारशाचा एकुलता एक व्हिडिओ सरकारी कपाटात बंद आहे, अन् त्याच्यावर 'बनावट' अशी चिठ्ठी आहे, असं सांगू? मी म्हटलं मिळते, मिळते. अपेक्षा आतल्या खोलीतून ऐकून राहिली होती. ती बाहेर आली अन् तिनं बाळाले घेतलं. दोघी बहिणी बाळाकडं पाहत बसल्या.

मग मिनलनं सांगितलं. चंपतभाऊंनी तुले शब्द दिला आहे. निवडून आलेल्यांशिवाय सभागृहात काही माणसं पक्ष आपल्या मर्जीनं बसवते, स्वीकृत सदस्य म्हणून. त्यातली एक खुर्ची तुझी. मत मागायले जायचं नाही, लोकांच्या पाया पडायचं नाही, सरळ नगरसेवक. अस्सं! मी आतापर्यंत समजून राहिली होती का तुले कोणी धमकावलं. रात्ररात्र वाटायचं, माझ्या भावाले कोणी कोंडीत पकडलं असेल, अन् मी त्याले पत्रांतून टोचून राहिली. धमकी नव्हतीच. खुर्ची होती.

लहानपणापासून तुले मोठं व्हायचं होतं, त्यात वाईट काय? मी बी मिरवलं असतं, माझा भाऊ नगरसेवक म्हणून. पण ज्या सभागृहात पाण्याचं ठरते, तिथं तू जाणार, तुझ्या बहिणीच्या गल्लीतलं पाणी अडवायच्या बोलण्याले 'असं कोणी बोललंच नाही' म्हणून. मग तिथं बसून तू करशील काय?

मिनल म्हणाली, "आत्या, मी देते जबाब." तिच्या सासऱ्यांनी आधीच बजावलं आहे, ठाण्याची पायरी चढली तर परत माहेरीच राहा म्हणून. तरी ती म्हणाली. मी नको म्हटलं. अंगावर पिणारं लेकरू घेऊन तिनं काहून उभं राहावं? तिचा बाप धडधाकट आहे.

मतदान तोंडावर आलं. आज रिक्षा फिरून राहिली, चंपतभाऊंचं गाणं वाजून राहिलं. सकाळी मले फोन आला, त्यात चंपतभाऊ स्वतः बोलतात, "गोपिकाताई, तुमच्या घरच्या पाण्याची चिंता आता माझी." माझ्या नावानं! प्रेमिलेले बी आला, तिच्या नावानं. ती खूश झाली. "भाऊंनी स्वतः फोन केला वं मले." मी म्हटलं, तो मशीनचा आवाज आहे. तर म्हणते कशी, "तुमचं ताई प्रत्येक गोष्टीत एआयच असते."

मी डोकं भिंतीवर आपटायचं तेवढं ठेवलं.

एक वाक्य बोल, सुशील. उशीर झाला नाही अजून.

गोपिका


नागपूर, ९ फेब्रुवारी

सुशील,

काल तुझा फोन आला. नंबर अनब्लॉक केला म्हणजे. पहिल्यांदा वाटलं, हा बी कोणाचा तरी बनवलेला आवाज असेल. मग तू रडायले लागला, अन् नाक ओढलं, तेव्हा समजली का तूच आहे. बोलता बोलता तुले मी फारसं काही म्हटलं नाही. माझं बोलण्यावर भागत नाही आता, म्हणून लिहिते.

चंपतभाऊ निवडून आले, ते तर जगानं पाहिलं. आमच्या वस्तीनं बी त्यांले बरीच मतं दिली, त्या फोनमुळं असो की माझ्या 'माफी'मुळं. आता ऐक. आमच्या गल्लीत पाइप येऊन पडले होते, ते मागच्या आठवड्यात ट्रकमधे भरून नेले. खोदायचं मशीन नेलं. खड्डा तेवढा ठेवून गेले. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, वरून थांबवलं. तेव्हा प्रेमिला माझ्याकडं आली, हातात पाण्याची रिकामी गुंडी, अन् हळूच म्हणते, "गोपिकाताई, तो व्हिडिओ खरा होता का वं?"

तिच्यावर ओरडू का हसू, मले समजेना. शेवटी दोघी मिळून टँकरच्या लाइनीत उभ्या राहिलो.

आता तुझं. स्वीकृतच्या यादीत तुझं नाव नाही, दुसऱ्याचं आलं. तेवढ्यानं बी भागलं नाही. तुझ्या आवाजातली एक क्लिप त्यांच्या ग्रुपवर फिरली, तू म्हणते, "चंपत माझ्या जिवावर निवडून आला, नाही तर त्याले कुत्रं विचारत नव्हतं." आता तुले त्यांच्या ऑफिसच्या दारात उभं करत नाहीत. तू फोनवर म्हणाला, "ताई, आईची आण, तो आवाज माझा नाही. कोणीतरी बनवला. माझी जागा घ्यायले बनवला. मी बोंबलून सांगून राहिलो, कोणी ऐकत नाही."

असं होते खरं. मले माहीत आहे.

तू विचारलं, "तुले तरी पटते ना?" मी फोन ठेवला. रात्रभर विचार केला. अपेक्षानं ती क्लिप मले ऐकवली बी. आवाज तुझाच वाटते. मधे जो खोकला आहे तो बी तुझा. पण माझी साडी बी माझीच होती ना त्या व्हिडिओत. तेव्हा ऐकून काही कळत नाही, पाहून काही कळत नाही. मग राहिलं काय? माणूस. जो म्हणून राहिला का मी नाही बोललो, तो माणूस खरं बोलणारा आहे का, एवढंच पाहायचं. अन् तिथंच माझं अडलं, सुशील. साऱ्या गावासमोर तू आपल्या नातीचं बारसं झालंच नाही म्हणाला. त्याच तोंडानं तू मले आता सांगून राहिला का हा आवाज माझा नाही.

मले तुझ्यावर विश्वास ठेवायचा आहे. तू ठेवू दे.

सोमवारी मी अन् अपेक्षा ठाण्यात जाऊन राहिलो. तिच्या मैदानी चाचणीचं पत्र आलं आहे, पण तक्रार तशीच लटकून आहे. तू ये. आता तुले गमवायले खुर्ची बी नाही. न आला तर मी समजीन का क्लिप खरी होती की खोटी, याच्याशी माझं काही घेणं नाही.

गोपिका


नागपूर, २१ फेब्रुवारी

सुशील,

तू आला.

मी फाटकाजवळ उभी होती, तुले वाटलं असेल तुझ्यासाठी. खरं सांगते, मी परत निघून राहिली होती. अपेक्षाच म्हणाली, "थांब ना आई, थोडं." तेवढ्यात तुझी गाडी वळली. मफलर नाकापर्यंत ओढून आला होता तू. एखादा बँक लुटायले आला असं वाटून राहिलं होतं.

साहेबांसमोर तू एवढं हळू बोलला का त्यांले दोनदा विचारावं लागलं.

"कार्यक्रम झाला होता?"

"झाला होता."

"कशाचा?"

"बारशाचा. माझ्या नातीच्या."

"चंपतराव आले होते?"

"आले होते."

"ते जे बोलले म्हणतात, ते बोलले?"

तू माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं नाही, मुद्दाम. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत राहिली. ते तुले एकट्यालेच म्हणायचं होतं. मग तू म्हणाला, "बोलले. मी तिथंच होतो. मी हसलो बी." हसल्याचं कोणी विचारलं नव्हतं. ते तू आपल्या मनानं सांगितलं. तेव्हा कुठं मी कॅलेंडरवरून नजर काढली.

अपेक्षानं तुले नमस्कार केला नाही, तिच्यावर रागावू नको. साहेबांनी तिचं नाव तक्रारीतून काढलं, तेव्हा बी ती हसली नाही. घरी येऊन बूट घातले अन् पळायले गेली. मिनलचा फोन आला होता, व्हिडिओची एक प्रत द्यायले साहेब तयार आहेत. ती खूप वेळ बोलत होती, मधेमधे ईश्वरीच्या हुंकाराचा आवाज.

आता चंपतभाऊंचं ऐकलं असेलच. तुझ्या जबाबाचा कोणीतरी फोटो काढून फिरवला, तर ते म्हणाले, हा जबाब बी एआयनं बनवला! अन् लोक हो म्हणून राहिले! आमच्या वस्तीत नाही, इथं टँकरनं सगळ्यांले शिकवलं. पण तुमच्या बाजूले म्हणून राहिले.

तुझ्या त्या क्लिपबद्दल मी सगळ्यांले सांगते, माझा भाऊ म्हणते त्याचा आवाज नाही, तर नाही. काल टँकरच्या लाइनीत सांगितलं. बायका हसल्या. प्रेमिला म्हणाली, "ताई, तुमच्या घरातलं काय खरं अन् काय एआय, ते दारावर एकदा लिहूनच लावा." मी बी हसली, काय करणार. पण म्हटलं, मले माझा भाऊ माहीत आहे. असं म्हणताना जीभ अडखळली नाही, हे माझं मलेच नवल वाटलं.

रविवारी कौशल्येले घेऊन जेवायले ये. पाटोडी करते, तिखट झाली तर तोंड मिटून खा.

अन् एक. निघताना साहेब मले बाजूले घेऊन म्हणाले, प्रकरण कोर्टात गेलं तर तुमच्या भावाले हेच परत सांगावं लागेल, समोर चंपतराव बसले असतील, अन् तोवर वर्ष-दोन वर्षं जातील, तोवर माणसं बदलतात. मी त्यांले म्हटलं, माझा भाऊ नाही बदलणार. जोरात म्हटलं.

म्हणून विचारते. तेव्हा बी तू हेच सांगशील ना? सांगशील, मले माहीत आहे. पण हे तुले विचारावं लागून राहिलं, सुशील, याचाच मले अजून राग येते.

तुझी ताई,
गोपिका